शिकागोतल्या पोलिश किराणा दुकानातून बीअर कशी घ्यावी

नव्याने शिकागोत आलेल्या मराठी कुटुंबाला डेव्हन अव्हेन्यू कुणीतरी पहिल्याच आठवड्यात दाखवतं. पोहे, तूरडाळ, हिंग, कढीपत्ता यांची सोय झाली की बाजाराचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण शहराच्या वायव्य भागात किंवा नाइल्स, माउंट प्रॉस्पेक्ट, शॉमबर्ग या उपनगरांत राहत असाल, तर घराजवळ बहुधा एखादं पोलिश किराणा दुकानही असतं. तिकडे आपली माणसं फारशी वळत नाहीत. पाटी वाचता येत नाही, आत शिरताच धुरावलेल्या सॉसेजचा वास येतो, काउंटरवर पोलिशमध्ये गप्पा चाललेल्या असतात. बीअरची आवड असेल तर हा संकोच सोडाच. युरोपातली बीअर या शहरात इतक्या सहजपणे, एकेक सुटी बाटली निवडून, फार कमी ठिकाणी घेता येते.

पोलिश माणसं शिकागोत एकोणिसाव्या शतकापासून येत आहेत. अव्हनडेल भागात सेंट हायसिंथ बॅसिलिका आहे. तिच्या भोवतालच्या वस्तीला जुने पोलिश रहिवासी आजही यात्स्कोवो म्हणतात. मिलवॉकी अव्हेन्यू आणि बेलमाँट अव्हेन्यू धरून त्यांची दुकानं पसरली आणि वस्ती उपनगरांत सरकली तशी तीही तिकडे गेली. आत मांडणी साधारण सारखीच असते: सॉसेज आणि मांसाचा लांब काउंटर, राईचा पाव, आंबवलेली काकडी, त्वारूग नावाचं ताजं चीज (दाबून ठेवलेल्या छेन्यासारखं), आणि मागच्या भिंतीला बीअर. पोलंडची सगळ्यात जास्त, त्याखालोखाल चेक आणि जर्मन, मग लिथुआनिया, युक्रेन, बेल्जियमची थोडी. एखाद्या फ्रीजमध्ये शिकागोच्याच क्राफ्ट ब्रुअरींचे, म्हणजे छोट्या स्वतंत्र बीअर कारखान्यांचे, कॅन.

पुढे बऱ्याच गोष्टी सांगितल्या आहेत, पण त्यातली एकच लक्षात राहिली तरी चालेल. बीअर ताजी असली पाहिजे. भारी नाव, सुंदर लेबल, टक्केवारी हे सगळं त्यानंतर.

१. ओळखपत्र

इलिनॉयमध्ये दारू घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि केस पांढरे झालेल्या माणसाकडेही ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. त्यात अपमान मानायचं कारण नाही. आधार किंवा पॅन कार्ड इथे चालत नाही. पासपोर्ट चालतो, पण पिशवीत पासपोर्ट घेऊन बाजारात फिरणं धोक्याचं. इलिनॉयचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात मिळतं, ते लवकर काढून घ्या. मास्टर्सला आलेल्या मुलामुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं: घोळक्याने गेलात आणि सोबतचा एकजण २१ च्या आतला निघाला, तर दुकानदार सगळ्यांनाच नकार देऊ शकतो. विक्रीच्या वेळा गावागणिक वेगळ्या आहेत, विशेषतः रविवारी सकाळी. त्यामुळे रविवारचा बाजार दुपारी ठेवलेला बरा.

२. आधी दुकान बघा, मग बाटली

आत गेल्याबरोबर बाटली उचलू नका. दोन मिनिटं गिऱ्हाइकांकडे बघा. कोण काय नेतंय? पोलिश दुकानात तिस्किए, झिवियेत्स, ओकोचिम, झुब्र या नावांच्या बाटल्या आणि कॅन भराभर जातात, कारण त्या रोजच्या जेवणासोबतच्या बीअर आहेत. ज्या बाटलीला रोज गिऱ्हाईक आहे तिचा साठा सतत बदलतो आणि म्हणून ती ताजी असते. याच दुकानात कोपऱ्यात एखादी महागडी बेल्जियन बाटली खांद्यावर धूळ घेऊन उभी असेल. बीअर म्हणून ती कदाचित उत्तम असेल, पण इथे तिला विचारणारं कुणी नाही.

यावरून एक साधा नियम निघतो, आणि तो मी सगळ्या नवख्यांना सांगतो: ज्या देशाच्या माणसांची वस्ती, त्या देशाची बीअर. लिथुआनियन बीअर हवी तर लेमाँटच्या बाजूला जा, तिथे लिथुआनियन समाजाचं मोठं केंद्र आहे. युक्रेनची हवी तर शिकागो अव्हेन्यूवरचं युक्रेनियन व्हिलेज. पोलिश दुकानात पोलिश आणि शेजारची चेक. मांडणीत सगळा युरोप दिसतो म्हणून सगळा युरोप एकाच दुकानातून न्यायची गरज नाही.

मग बीअर ठेवलीय कुठे ते पाहा. रस्त्याकडच्या काचेला लागून, उन्हात, पिरॅमिड रचून ठेवलेल्या पेटीतली बाटली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. फ्रीजमधली किंवा आतल्या थंड, अंधाऱ्या भिंतीकडची घ्या.

३. बाटलीचा रंग

उन्हाबद्दल एवढा आग्रह का, ते सांगतो. बीअरचा कडवटपणा हॉप्सच्या फुलांतून येतो. हॉप्समधल्या कडू संयुगांवर प्रकाश पडला की ती तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी जी दुर्गंधी फवारतो, तिच्यातल्या घटकांशी या संयुगाचं जवळचं नातं आहे. म्हणून अशा बीअरला इथे ‘स्कंकी’ म्हणतात. वास जळक्या रबराच्या जवळ जाणारा असतो. कडक उन्हात हे व्हायला काही मिनिटं पुरतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही दिवस.

तपकिरी काच हा घातक प्रकाश बऱ्यापैकी अडवते. हिरवी काच फारच थोडा अडवते, पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये प्रकाश शिरतच नाही. आपल्याकडे कॅनला कमी लेखायची सवय आहे, काचेच्या बाटलीला मान जास्त. आयात बीअरच्या बाबतीत ती सवय मोडा. एकच बीअर बाटलीतही असेल आणि कॅनमध्येही, तर डोळे मिटून कॅन घ्या. हिरव्या बाटलीतलीच हवी असेल, उदाहरणार्थ पोलंडची लेख, तर बंद खोक्यातून काढून द्यायला सांगा. दुकानदार आनंदाने देतो.

४. तारीख

इथे नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते, आणि तीही दोन प्रकारे.

पहिला प्रकार आकड्यांच्या क्रमाचा. युरोपातून आलेल्या बाटलीवर तारीख आपल्यासारखीच असते, आधी दिवस, मग महिना. ०५.०३ म्हणजे ५ मार्च. अमेरिकन कॅनवर तेच आकडे ३ मे सांगतात. काही महिने इथे राहून महिना आधी वाचायची सवय लागली की पोलिश बाटली उलटी वाचली जाते. बाटली कुठे भरली ते आधी पाहा, मग तारीख वाचा.

दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. युरोपची बाटली ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असं सांगते. पोलिशमध्ये त्या ओळीचा उच्चार साधारण ‘नायलेपेय स्पोझिच प्शेद’, जर्मनमध्ये ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’. शिकागोच्या क्राफ्ट कॅनच्या बुडावर मात्र बहुतेकदा कॅन भरल्याची तारीख असते. एक पुढची तारीख, एक मागची. मागची तारीख पाहून ‘ही तर संपली’ म्हणून ताजा कॅन परत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन महिन्यांत मुदत संपणारी लागर (थंडीत, सावकाश आंबवलेली बीअर) ‘अजून वेळ आहे’ म्हणून पेटीभर नेणारीही.

साध्या युरोपियन लागरची मुदत बहुधा सहा ते बारा महिन्यांची असते. त्यातले काही आठवडे बोटीवरच्या कंटेनरमध्ये आणि गोदामात जातात. मुदत संपली म्हणून ती बाधत नाही, पण चव उतरते: आधी हॉप्सचा ताजा वास जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून मुदत संपायला निदान तीन-चार महिने बाकी असलेली बाटली निवडा. मांडणीतल्या पुढच्या बाटल्या जुन्या आणि मागच्या नव्या असतात हे किराणा दुकानाचं जगभरचं शास्त्र आहे. हात मागे घालायला लाजू नका. आयात करणारी कंपनी इंग्रजी माहितीचं स्टिकर चिकटवते, ते कधीकधी नेमकं तारखेवरच बसतं. मग मानेवर, बुचाखाली किंवा बुडाशी शोधा. कुठेच सापडली नाही तर ती बाटली सोडून द्या.

दुकानात ‘सेल’ची टोपली असते. तीत मुदत संपत आलेल्या बाटल्या टाकतात. लागर आणि गव्हाची बीअर त्यातून घेऊ नका. बाल्टिक पोर्टर, म्हणजे काळी, दाट, स्ट्राँग बीअर, दिसली तर जरूर घ्या. कारण पुढे येईलच.

५. लेबलवरचे दोन टक्के

पोलिश लेबलवर शेजारी शेजारी दोन टक्केवाऱ्या असतात. एकापुढे ‘एक्स्ट्राक्ट’ आणि १२ च्या आसपासचा आकडा, दुसऱ्यापुढे ‘अल्क.’ आणि ५ किंवा ६. चेक बाटलीवर हाच पहिला आकडा १०, ११, १२ अंश असा छापतात. नवखा माणूस १२ बघून दचकतो किंवा हरखतो. तो दारूचा आकडा नाही. आंबवण्याआधी मॉल्टच्या (मोड आणून सुकवलेल्या धान्याच्या) रसात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ वजनाने किती होते, त्याचं ते माप आहे. यीस्ट त्यातली बरीचशी साखर खाऊन दारू तयार करतं. १२ अंशांची बीअर साधारण पाच टक्क्यांच्या आसपास येते, १० अंशांची चार टक्क्यांच्या. नेमकं किती, ते यीस्टने किती साखर शिल्लक ठेवली यावर ठरतं. पिल्स्नर उर्क्वेल १२ अंशांची असून फक्त ४.४ टक्के आहे. उरलेल्या मॉल्टमुळेच तिच्या कडवटपणाला तो गोडसर भरीवपणा मिळतो.

दशांशाच्या जागी युरोपात स्वल्पविराम असतो, तेही ध्यानात असू द्या.

काही शब्द पाठ केले की निम्मी मांडणी वाचता येते. पिवो म्हणजे बीअर, पोलिशमध्ये आणि चेकमध्येही. यास्ने म्हणजे फिकी, चेम्ने म्हणजे गडद, मोत्स्ने म्हणजे स्ट्राँग, प्शेनिच्ने म्हणजे गव्हाची. बेझअल्कोहोलोवे म्हणजे बिनदारूची. त्यातही ०.० आणि ‘०.५ पर्यंत’ असे दोन प्रकार आहेत. गरोदर बाईसाठी किंवा धार्मिक कारणाने दारू पूर्ण वर्ज्य असलेल्या पाहुण्यासाठी घेत असाल तर ०.० च पाहून घ्या.

‘मोत्स्ने’बद्दल थोडं स्पष्ट बोलतो. महाराष्ट्रात बीअर म्हणजे स्ट्राँग बीअर हे समीकरण घट्ट बसलं आहे. ज्या पैशांत जास्त चढेल ती बाटली चांगली, असा हिशोब. त्या हिशोबाने या दुकानात शिरलात तर सात टक्क्यांची गोडसर, जड लागर घेऊन बाहेर पडाल आणि युरोपियन बीअरमध्ये एवढं काय आहे, असं म्हणाल. चार-पाच टक्क्यांत किती चव मावते हे कळायला इथे यायचं. स्ट्राँगच हवी असेल तर पोर्टर घ्या, तिथे ताकदीला काही अर्थ आहे.

६. पहिली टोपली

सहा सुट्या बाटल्या घ्या. प्रत्येक वेगळ्या जातीची, एकच एक.

पहिली चेक पिल्स्नर. प्ल्झेन्य शहरात १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने पहिली सोनेरी, स्वच्छ लागर बनवली. आज जगात विकली जाणारी बहुतेक पिवळी बीअर, आपली किंगफिशर धरून, तिच्याच वंशातली. पिल्स्नर उर्क्वेल प्यायल्यावर मूळ घराणं कसं होतं ते कळतं: कडवटपणा ठळक, पण टोचणारा नाही. चेस्के बुद्येयोवित्से गावची बुद्वार अमेरिकेत चेकव्हार नावाने विकतात, कारण ‘बडवायझर’ या नावावरून अमेरिकन कंपनीशी तिचा जुना वाद आहे. तीही चांगली, किंचित जास्त मऊ.

दुसरी रोजची पोलिश लागर. दुकानदाराला विचारा, तुम्ही स्वतः कुठली पिता? जे उत्तर येईल ते घ्या.

तिसरी बव्हेरियन गव्हाची बीअर, हेफवाइझन. वाइहेनश्टेफान, आयिंगर, पाउलानर, फ्रान्झिस्कानर यांपैकी जी ताजी असेल ती. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं किंवा लवंग काहीही घातलेलं नसतं, तो वास यीस्टचा. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या अनेकांना गव्हाच्या बीअरची ओळख आहे. पण तिथे लोकप्रिय झालेली विट ही बेल्जियन पद्धत: तिच्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. दोन्ही ढगाळ, दोन्ही गव्हाच्या, तरी चव वेगळी. शेजारी शेजारी ठेवून पिऊन पाहा.

चौथी बाल्टिक पोर्टर. माझ्या मते पोलिश दुकानात जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच. अठराव्या शतकात इंग्लंडमधून गडद पोर्टर आणि स्टाउट बाल्टिक समुद्राकाठच्या देशांत जाऊ लागली. तिथल्या ब्रुअरींनी ती आपल्या पद्धतीने, म्हणजे लागरच्या यीस्टने थंडीत आंबवून, करायला घेतली. त्यातून काळी, दाट, आठ-नऊ टक्क्यांची बीअर तयार झाली. काळा गूळ, सुकं अंजीर, कडक भाजलेला पाव, किंचित कॉफी, आणि एवढी ताकद असूनही घशाला जाळ नाही. झिवियेत्स पोर्टर ९.५ टक्क्यांची आहे, ओकोचिमचीही पोर्टर मिळते, फिनलंडची सिनेब्रिखॉफ ७.२ ची. ही बीअर जुनी होते तशी मुरते. म्हणून सेलच्या टोपलीतली घ्या असं वर म्हटलं. पोलंडमध्ये २०१६ पासून जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी बाल्टिक पोर्टरचा दिवस साजरा करतात. शिकागोचा जानेवारी एकदा अनुभवला की हीच वेळ का, ते विचारावं लागत नाही. एक बाटली दोघांत पुरते.

पाचवी धुराची. बाम्बर्ग शहरातली श्लेंकेर्ला बीचच्या लाकडाच्या धुरावर मॉल्ट सुकवते. तिला स्मोक्ड मांसाचा जोरदार वास असतो. शाकाहारी माणसाने घाबरू नये, मांसाचा त्यात संबंध नाही, तो वास निव्वळ धुराचा. एवढा धूर झेपणार नसेल तर पोलंडची ग्रोजिस्किए शोधा. ओकच्या धुरावर सुकवलेल्या गव्हाची, फिकी, फसफसती, तीनएक टक्क्यांची. १९९३ मध्ये हिचं उत्पादन बंद पडलं होतं, ते २०१५ मध्ये ग्रोजिस्क गावी पुन्हा सुरू झालं. नेहमी मिळेल असं नाही. मिळाली तर सोडू नका.

सहावी शिकागोची, तिच्याबद्दल वेगळं लिहितो.

बीअर न पिणाऱ्या घरच्यांसाठी क्वास घ्या. राईच्या पावापासून आंबवलेलं गोड-आंबट तपकिरी पेय आहे, पूर्व युरोपात उन्हाळ्यात घरोघरी पितात. आंबवल्यामुळे त्यात एखादा टक्का, कधी त्याहून कमी दारू असू शकते. लहान मुलांना देण्याआधी लेबल वाचा.

शाकाहाराबद्दल हमखास प्रश्न येतो. जर्मन आणि चेक लागरमध्ये प्राणिज पदार्थ सहसा नसतो. काही इंग्लिश एलमध्ये (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बीअर) बीअर निवळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ परंपरेने वापरतात. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज असतं, दूध न पचणाऱ्यांनी ती टाळावी.

७. शिकागोचे क्राफ्ट कॅन

युरोपियन दुकानात येऊन शिकागोची बीअर का घ्यायची? कारण जी इथून चार-पाच मैलांवर तयार होते ती महासागर ओलांडत नाही. रेव्हन्सवुड भागातली डव्हटेल ही ब्रुअरी जर्मन आणि चेक पद्धतीने लागर, हेफवाइझन, धुराची बीअर बनवते, घाई न करता. बोटीतून आलेल्या मध्यम ताज्या जर्मन लागरपेक्षा डव्हटेलचा ताजा कॅन मला केव्हाही सरस वाटतो. हाफ एकर या ब्रुअरीची डेझी कटर ही पेल एल (फिकी एल) आणि रिव्होल्यूशनची अँटी-हीरो ही आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स जास्त असलेली) शहरात सगळीकडे मिळतात आणि खपतात, त्यामुळे ताज्या असतात. इंडियानातल्या मन्स्टर गावच्या थ्री फ्लॉइड्सची झॉम्बी डस्टही अधूनमधून दिसते.

आयपीए आणि पेल एलसाठी तारखेचा नियम अधिक कडक ठेवा. या बीअरचा सगळा जीव हॉप्सच्या वासात असतो: संत्रं, आंबा, देवदार. तो वास आठवड्या-आठवड्याने उडतो. कॅन भरून दोन महिने झाले असतील तर ठीक, तीन झाले तर विचार करा, त्यापुढे नको. आणि फ्रीजमधलाच घ्या. पोलिश दुकानात आयपीए हळू खपते. कॅनचं बूड न बघता ती कधीच उचलू नये.

८. माप आणि पैसे

अमेरिकन साधा कॅन १२ औंस, म्हणजे ३५५ मिली. उंच कॅन १६ औंस, ४७३ मिली. युरोपची बाटली अर्धा लिटर, लेबलवर १६.९ औंस. बेल्जियन आणि काही जर्मन बाटल्या ३३० मिलीच्या, ११.२ औंस. सहा लहान बाटल्यांच्या पॅकशेजारी सुटी मोठी बाटली महाग दिसते, पण औंसामागे भाव काढला की पोलिश लागर बहुतेक वेळा क्राफ्टपेक्षा बरीच स्वस्त पडते. मांडणीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, आणि शिकागो शहर व कुक काउंटी दारूवर आपला वेगळा कर लावतात. इलिनॉयमध्ये रिकाम्या बाटलीचे पैसे परत मिळत नाहीत. शेजारच्या मिशिगनमध्ये दहा सेंट मिळतात, पण फक्त तिथेच विकत घेतलेल्या बाटलीचे.

काउंटरवर ‘जेन दोब्रे’ म्हणून नमस्कार आणि निघताना ‘जेनकुये’ म्हणून आभार मानलेत तर पुढच्या वेळी काउंटरवरची मावशी स्वतःहून सांगेल, आज नवा माल आलाय.

९. गाडीतून घरी

बीअर डिकीत ठेवा, बंद. इलिनॉयमध्ये गाडीत उघडी बाटली असणं गुन्हा आहे, ती मागच्या सीटवरच्या मित्राच्या हातात असली तरी. रक्तात ०.०८ टक्के दारू ही गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे. व्हिसावर असलेल्यांसाठी मामला याहून गंभीर आहे: दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपाखाली नुसती अटक झाली, खटला अजून उभाही राहिला नाही, तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. मग भारतात गेल्यावर परत येताना नव्याने मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि अनिश्चित वाट पाहणं. एच-वन असो वा एफ-वन, ज्याला गाडी चालवायची आहे त्याने एक घोटही घेऊ नये. पोलिश दुकानातली बिनदारूची बीअर खरोखर चांगली असते, ती अशा वेळेसाठी.

जुलै-ऑगस्टमध्ये बीअर सगळ्यात शेवटी घ्या आणि थेट घरी या. तापलेल्या डिकीत दुपारभर पडलेली बाटली घरी नेऊन थंड केली तरी सुधारत नाही. जानेवारीत उलटा धोका: रात्रभर गाडीत राहिली तर गोठून फुटते.

१०. घरी

बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नाही. हेफवाइझन आणि बऱ्याच बेल्जियन बाटल्यांत तळाशी यीस्ट असतं, ते तळाशीच राहू द्या. लागर सहा ते आठ अंश सेल्सिअसला प्या. अगदी बर्फगार बीअरची चव जिभेला लागत नाही. पोर्टर फ्रीजबाहेर काढून अर्धा तास ठेवा. ग्लास वापरा, बाटलीला तोंड लावू नका. निम्मी मजा वासात आहे आणि बाटलीच्या तोंडातून वास येत नाही. पिल्स्नरला दोन बोटं फेस हवाच. हेफवाइझन ओतताना शेवटचा घोट बाटलीत ठेवा, बाटली गोल फिरवा, आणि यीस्टसकट वरून ओता.

आपल्या जेवणाशी जुळवताना एक गोष्ट सांभाळा. तिखटावर दारूची ताकद आणि हॉप्सचा कडवटपणा दोन्ही जाळ वाढवतात. मिसळीसोबत किंवा कोल्हापुरी रश्श्यासोबत आयपीए घेतलीत तर जेवणही जाईल आणि बीअरही. तिथे हेफवाइझन किंवा साधी पोलिश लागर. कोथिंबीरवडी, कांदाभजी, बोंबील फ्राय असं कुरकुरीत तळलेलं असेल तर चेक पिल्स्नर, तिचा कडवटपणा तेलकटपणा कापतो. भरलं वांगं, शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भाज्या, काळा मसाला यांच्यासोबत गडद, भाजक्या मॉल्टची जर्मन डुंकेल जमते. बाल्टिक पोर्टर जेवणाबरोबर नको, जेवणानंतर घ्या: पुरणपोळी आणि तुपासोबत ती फार चांगली लागते, आणि त्याच दुकानातला खसखशीचा रोल, माकोव्येत्स, हाही तिचा जुना सोबती. त्वारूगवर जिरं, मिरची आणि मीठ घालून राईच्या पावावर लावलंत तर लागरसोबत वेगळा चखणा लागत नाही.

कोणती बाटली आवडली ते फोनमध्ये फोटो काढून ठेवा, लेबल आणि तारीख दोन्ही दिसतील असा. नावं लक्षात राहत नाहीत, आणि तीच बीअर पुढच्या खेपेला आवडली नाही तर फोटोतली तारीख पाहून कारण सापडतं. बाटली उघडल्यावर रबराचा वास आला तर ती परत न्या, बहुतेक दुकानदार बदलून देतात. संकोचाने टाकून देऊ नका. त्यांनाही त्या पेटीबद्दल कळायला हवं.

आणि भारतात जाताना कुणासाठी न्यायची असेल तर सीमाशुल्काच्या नियमाप्रमाणे प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य करमुक्त नेता येतं, त्यात बीअरही आली. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या बरोबर बसतात. चारही बाल्टिक पोर्टर न्या: प्रवासाची उष्णता आणि महिनाभराचा उशीर सोसणारी तीच एक आहे. प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, जाड कपड्यात गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत मधोमध ठेवा. पोचल्यावर दोन दिवस उभी ठेवून मगच उघडायला सांगा.